ताटलीतली मूठ

४ जानेवारी

ती. ताईस,
गपूचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या पोटातलं माणूस लाथा मारायला लागलं का ते आधी कळव.

आपल्या घाण्यावर सध्या पाय ठेवायला जागा नाही. हे सगळं व्यायामशाळेच्या मास्तरांमुळे. ते सकाळी पोरांकडून जोर काढून घेतात आणि वर भाषण देतात, की कारखान्यातलं तेल म्हणजे बिया उकळून काढलेलं विष. त्यानेच हृदयं बंद पडतात, गुडघे धरतात, केस जातात. केसांचं ऐकल्यावर तर रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली. मास्तरांना स्वतःला टक्कल आहे, पण ते कुणी काढत नाही.

अप्पांनी ते ऐकलं आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. आई हृदयाने गेली ना, आणि आपल्या घरात पाकिटातलंच तेल असायचं. घाण्याचं विकायचं आणि आपण स्वस्तातलं खायचं. आता अप्पांनी पाटी रंगवलीय. पाकिटाचं तेल हृदय खातं, आमचं तेल हृदय राखतं. अक्षरं लाल. खिळा ठोकताना ते सारखे आईच्या फोटोकडे बघत होते, म्हणून हातोडी बोटावर बसली.

जुन्या व्यापाऱ्याकडची मोहरी पुरेना, म्हणून दुसऱ्याकडून पोती येतात. ट्रक थेट दारात. मी मागच्या खोलीत असते, पुढे येत नाही. बरं वाटतं तिथे. घाण्याचा आवाज असला की कुणी बोलायला लावत नाही.

तुला पाच लिटरचा डबा ट्रकवाल्या मामांबरोबर पाठवलाय. तळण, फोडणी सगळं त्यातच कर. बाळाचं हृदय चांगलं होईल असं अप्पा म्हणतात.

फोन करत नाही म्हणून चिडू नकोस. फोन कानाला लावला की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. शाळाही त्यापायीच सुटली. कागदावर मी बरी असते.

लोभ डब्याच्या झाकणासारखा घट्ट ठेव.
तुझी गपू

१५ जानेवारी

चि. गपूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

डबा पोचला. ट्रकवाल्या मामांनी तो स्वतःच्या मुलासारखा मांडीवर धरून आणला म्हणे. वास काय सुटलाय! पहिल्याच दिवशी बटाटे तळले तर तुझे दाजी ताटलीला बोट लावून चाटत बसले. घरातली तेलाची पाकिटं मी शेजारच्या आजींना देऊन टाकली. त्या म्हणाल्या की वा गं वा, विष आम्हाला आणि अमृत तुम्हाला. लाज वाटली, मग त्यांनाही आपल्यातली एक बाटली भरून दिली.

दाजी माझी टर उडवतात. म्हणतात, तेल कुठलंही असो, तू ज्या हाताने ओततेस त्या हाताला आधी डॉक्टरकडे ने. त्यांचं काय ऐकायचं? गाड्या दुरुस्त करणारा माणूस, त्यांना तेल म्हणजे इंजिनातलं.

पोटातलं माणूस लाथा मारतं. विशेषतः मी निवांत पडले की. स्वभाव अप्पांवर गेला असणार.

एक विचारायचं होतं. रांग एवढी आहे तर दोन्ही चाळण्या होतात ना? आणि शेवटची ताटलीतली मूठ? आई ताप असला तरी उठून ती मूठ बघायची. पांढरी ताटली, खिडकीचा उजेड, मूठभर मोहरी बोटाने पसरायची आणि मगच पोतं घाण्याकडे. मी तुला तेवढी एकच गोष्ट नीट शिकवलीय. अप्पांना घाई असली की त्यांना सगळंच स्वच्छ दिसतं.

अंगाला लागेल असं खात जा. आणि माझ्यावरची माया पाण्यासारखी खर्च कर, मला पुरत नाही.
तुझी ताई

२६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. दाजींचं वाचून हसले.

गर्दी तशीच आहे. दुसरा डबाही पाठवलाय, पहिला संपत आला असेल.

शिंपीणबाई ठाऊक आहेत ना, कोपऱ्यावरच्या? परवा त्या घाण्यावर आल्या तेव्हा पायात त्यांच्या नवऱ्याच्या चपला. म्हणाल्या की स्वतःच्या चढतच नाहीत, मशीनच्या पायडलवर पाय ठेवला की आग होते. अप्पा म्हणाले बसून बसून होतं, चालत जा. मास्तर तिथेच होते. ते म्हणाले की पाकिटाच्या तेलाचं वर्षानुवर्षांचं विष आता पायावाटे उतरतंय, आपलं तेल दुप्पट खा. मग ते स्वतः पायरी उतरले तेव्हा कठड्याला धरून उतरले. मी मागच्या खोलीच्या फटीतून पाहिलं.

अप्पांच्या पायावरही चपलेच्या पट्ट्याचा वळ राहतो. बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि भरायला वेळ लागतो. मी दाबून पाहिलं, ते झोपले होते.

मी मागच्या दारी रंगाच्या रिकाम्या डब्यात थोड्या बिया पेरल्यात. उगीच. उगवल्या की सांगते.

तू तुझी काळजी घे. जिना सावकाश चढ. खाण्यात तेल जरा कमीच घाल, दाजी म्हणतात तसं.

लोभ कमी करू नकोस, काहीही झालं तरी.
तुझी गपू

६ फेब्रुवारी

चि. गपूस,
अनेक आशीर्वाद.

अगं, तुझ्या पत्रातले पाय माझ्या घरात आलेत की काय! माझे पाय आठ दिवसांत भोपळ्यासारखे झाले. सगळ्या बायका म्हणतात, सातव्या महिन्यात सुजतातच, उशीवर ठेव. मीही मानलं असतं. पण तुझ्या दाजींचेही सुजलेत. मी म्हटलं, अहो, तुम्हालाही दिवस गेलेत का? दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही मी हेच सांगितलं, त्या हसल्या आणि माझ्या कागदावर विश्रांती असं लिहिलं.

दोन दिवस मात्र हसू येत नाही. भांडी घासायला उभी राहिले की धाप लागते. संध्याकाळी दिवा लावला की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं, ओल्या काचेतून पाहिल्यासारखं. शेजारच्या आजींना जुलाब लागले, आता त्या उठत नाहीत. त्यांची सून जेवणाचा रिकामा डबा घेऊन आली तर मी त्यात आपल्याच तेलात केलेली भाजी घातली, म्हटलं बिचाऱ्या तेवढंच चांगलं खातील.

पोटातलं माणूस हल्ली कमी लाथा मारतं. झोपाळू झालंय.

गपू, मी मागच्या पत्रात मुठीचं विचारलं होतं. तू दाजींचं लिहिलंस, शिंपिणीचं लिहिलंस, तेवढं सोडून सगळं लिहिलंस. मी तुला ओळखते. तू जे लिहीत नाहीस तेच खरं असतं.

मी रागावणार नाही. लिही.
तुझीच, वाट बघणारी ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आज सकाळी आलं. हे मी औषधाच्या दुकानात बसून लिहितेय. पत्र पोचायला आठ दिवस लागतील, तेवढे दिवस नाहीत. म्हणून हे लिहून झालं की इथल्या फोनवरून तुला वाचून दाखवणार आहे. मनाने मला बोलता येणार नाही. वाचता येईल, निदान तसं मला वाटतं.

तेल खाऊ नका. तू, दाजी, आजी, कुणीच. एक थेंबही नको. डबा ओतून देऊ नका, डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. आजच जा.

आता मुठीचं. नवं पोतं पहिल्यांदा उघडलं त्या दिवशी मी मूठ घेतली होती. पांढरी ताटली, खिडकी, सगळं तू शिकवलंस तसं. मोहरीचा दाणा बोटाखाली सरकतो. काही दाणे सरकेनात. रंगाने काळे, आकाराने जवळजवळ तसेच, पण खरबरीत, वर जाळी असल्यासारखे. मी ताटली घेऊन पुढे गेले. अप्पांसमोर नऊ-दहा माणसं होती आणि मास्तर बोलत होते. मी ताटली धरून उभी राहिले. अप्पा म्हणाले मध्ये लुडबुडू नकोस, एक चाळणी पुरे, माणसं खोळंबलीत. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं की ही बोलते का हो? आणि कुलूप लागलं.

मी मागे आले आणि ताटली पोत्यात उपडी केली.

थोडे खरबरीत दाणे तळव्याला चिकटून राहिले होते. तेच मी रंगाच्या डब्यात पेरले. मला वाटलं, मला सांगता येत नाही तर मातीच सांगेल. परवा पानं मोठी झाली. निळसर हिरवी, पांढऱ्या शिरांची, कडेला काटे. शेताच्या बांधावर पिवळ्या फुलांचं काटेरी तण असतं ना, ज्याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत, ते.

तो रोपांचा डबा उचलून मी इथे औषधवाल्या बाईंकडे आणला आणि सोबत चिठ्ठी दिली. त्यांनी एक जाड पुस्तक काढलं. वाचता वाचता खुर्चीतून उठल्या. म्हणाल्या की पाकिटातलं काय आणि घाण्याचं काय, तेल बेताने खाल्लं तर एवढं भ्यायचं कारण नसतं. पण यात जे उतरलंय ते खायचं तेलच नाही. त्याने पाय सुजतात, छातीत पाणी भरतं, डोळे जातात, हृदय थकतं. गरोदर बाईचं काय होतं ते मी चिठ्ठीवर विचारलं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

अप्पांनाही मी काल चिठ्ठी दिली होती. त्यांनी वाचली, घडी करून खिशात घातली आणि पुढच्या माणसाची बाटली भरली. माणूस गेल्यावर खाली बसून पाय चोळत राहिले. पाटीकडे बघत होते.

आता फोन लावते. उचल.
गपू

२१ फेब्रुवारी

चि. गपूस,
इस्पितळातून ताईचे आशीर्वाद.

फोन दाजींनी उचलला होता. पलीकडून नुसता श्वास येत होता. ते म्हणाले कुणीतरी चेष्टा करतंय, ठेवतो. मी तो श्वास ओळखला आणि फोन ओढून घेतला. मग तू वाचायला लागलीस. ती. ताईस, सा. न. वि. वि. इथपासून! वेडे, जीव जायची वेळ आणि तू आधी नमस्कार वाचलास. शेवटचं उचल सुद्धा वाचलंस. एकदाही अडली नाहीस.

आम्ही त्याच संध्याकाळी डबा घेऊन इथे आलो. डॉक्टरांनी आधी दाजींचे पाय पाहिले, मग माझे, मग डबा हुंगून दाराबाहेर जाऊन कुणाकुणाला फोन केले. दाजींची सूज उतरतेय. माझी धाप कमी आहे, पण उशाला तीन उशा लागतात. दिव्याभोवतीचं कडं अजून आहे. डोळ्यांचं नंतर बघू म्हणतात.

बाळाचे ठोके रोज दोनदा ऐकतात. नर्सबाई यंत्र लावतात आणि मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. आज त्यांना ठोके सापडायला वेळ लागला. सापडले.

शेजारच्या आजी सोमवारी गेल्या. त्यांच्या सुनेला मी अजून काही सांगितलेलं नाही. बाटली मी भरली होती, गपू. तेव्हा एकटीने सगळं अंगावर घेऊ नकोस, त्यातलं थोडं माझं आहे.

पण रांगेतल्या बाकीच्यांना कुणी सांगितलं का? मला वाचून दाखवलंस, तसं त्यांनाही वाच.

जगलो वाचलो तर खूप भांडू.
तुझी ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाणा बंद आहे. सरकारी माणसं येऊन पोत्यांना सील लावून गेली. अप्पांना इस्पितळात ठेवलंय, त्यांना आडवं झोपता येत नाही, बसूनच असतात. माझी चिठ्ठी अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. काल ते म्हणाले की तुझ्या आईने उठून बघितली असती ती मूठ. मग म्हणाले, तूही बघितलीस, मीच बघितली नाही. पाटी मी उतरवली.

मी एका कागदावर सगळं लिहून घेतलंय आणि घरोघर वाचते. पहिल्या दारात त्या घरच्या काकूंनी कागदाचं दुसरं टोक धरून ठेवलं आणि मी वाचलं. आता कागद पाठ झालाय, तरी हातात धरते. मास्तरांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले की तुला कारखानेवाल्यांनी पढवून पाठवलंय. त्यांचा श्वास दारातून ऐकू येत होता. मी दाराबाहेरून सगळं वाचलं, शेवटपर्यंत.

शिंपीणबाईंकडे कुलूप आहे. पायरीवर त्यांच्या नवऱ्याच्या चपला आहेत. कुठे नेलं ते शेजाऱ्यांना माहीत नाही.

ओळखीची सव्वीस घरं झाली. बाकीची माणसं कुठून यायची ते मला ठाऊक नाही. मी मागच्या खोलीतून फक्त त्यांच्या बाटल्या बघायचे. एक निळ्या झाकणाची होती, एक दोरीने बांधलेली, एका बाईच्या कडेवर लहान मूल असायचं. तिला मी रोज शोधते.

चालायला वेळ लागतो, चपला हातात घेऊन फिरते. औषधवाल्या बाई म्हणतात तूही दाखव. दाखवते, आधी ती बाई सापडू दे.

नर्सबाईंना ठोके लवकर सापडले का, ते कळव. नुसतं हो लिहिलंस तरी चालेल.

लोभ असो नसो, पत्र असू दे.
तुझी गपू