तक्त्यातले अडतीस

२ ऑक्टोबर
पाण्याचा पीएच साडेसहा, कठीणपणा चार. भिंतीवरच्या तक्त्यात दोन बोटं जुळवली की कार्बन डायऑक्साइड निघतो अडतीस. म्हणजे भरपूर. मग माशांच्या टाकीतलं माझ्या बायकोचं, ग्रीतचं लाल लुडविजिया उपाशी असल्यासारखं का? खालची पानं गळाली, शेंडे बारीक. दुपारी पानांखाली मोत्यांसारखे बुडबुडे धरायचे, ते उन्हाळ्यापासून दिसले नाहीत.

एका काडीपासून तिनं ही झाडी वाढवली. ही झाडी गेली तर तिच्या हातचं जिवंत असं घरात काही उरणार नाही — मी सोडून. आणि माझेही शेंडे बारीकच.

४ ऑक्टोबर
मासे पाळणाऱ्यांच्या क्लबातला त्यार्क आला. ओले बूट दारात, नजर थेट तक्त्यावर.
"अडतीस? लुबर्ट, मासे कायमचे झोपवायचेत का? टाकीत सोडतोस तो गॅस कमी कर."
"पण झाडं..."
"झाडांना काय कळतं. तक्ता बघ."
चावी फिरवून नळीतले बुडबुडे कमी केले. अठराला क्लबच्या स्पर्धेसाठी टाकी बघायला परीक्षक घरी येणार. अर्ज ग्रीतनं मेमध्येच भरला होता, जूनमध्ये गेली. कार्डावर अजून तिचंच नाव आहे. ते मी बदलू दिलं नाही.

७ ऑक्टोबर
आणखी चार पानं.

८ ऑक्टोबर
दिवसभर पाऊस. वाटाण्याचं सूप केलं, दोघांपुरतं झालं. हात अजून शिकला नाही.

पूर्वी रविवारी कॉफीनंतर मी नावाड्याची कविता म्हणायचो. चौथीत पाठ केलेली, पुढे पस्तीस वर्षं चौथीलाच शिकवलेली. ग्रीत टाकीखालच्या कपाटात डोकं घालून, गॅसच्या चावीशी काहीतरी खुडबुड करत ऐकायची. "हळू म्हण, लुबर्ट. नावाडी म्हातारा आहे." मला राग यायचा. कविता कोणाची आणि शिकवतंय कोण! जूननंतर म्हटली नाही.

शाळेवरून आठवलं — सोडा वॉटर उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी मुलांना चाखायला द्यायचो. वायू गेला की आंबटपणाही जातो. टाकीच्या पाण्याचं तसंच असणार ना? एक पेला भरून खिडकीत ठेवला.

९ ऑक्टोबर
पेल्यातला वायू तर उडून गेला असणार. पीएच एका अंकानं तरी चढायला हवा होता. चढला जेमतेम तीन दशांश!

म्हणजे पाणी आंबट आहे ते वायूमुळे नाही. कशामुळे?

१० ऑक्टोबर
सापडलं. मीच.

टाकीच्या कामांच्या ग्रीतच्या यादीत लिहिलंय: दर महिन्याला मूठभर पीट, म्हणजे दलदलीतलं कुजकं शेवाळ, मोज्यात बांधून फिल्टरमध्ये. माशांना मानवतं. मी इमानानं करत आलो, तिचाच करडा मोजा वापरून. पीटमुळेच पाणी आंबट होतं, आणि तक्ता सगळा आंबटपणा वायूच्या नावावर मांडतो. त्यार्कला फोन केला. पलीकडे पेन्सिल खरडल्याचा आवाज. मग म्हणाला, "म्हणजे खरा सहा-सातच असेल. आणि मी तुला कमी करायला लावला." आणि लगेच: "मसाल्याचा केक घेऊन येऊ का?"

पण ग्रीतनं तर पीट घालूनच झाडी वाढवली. आकडे मी वाचायचो, वहीत लिहायचो, ती मान हलवायची. मग चावी कशावरून लावायची?

१३ ऑक्टोबर
चावी किती उघडू? जास्त झाली तर मासे जातील. अंदाजानं किंचित सोडली. मासे वर येऊन तोंड उघडतात का, बघत बसलो. आले नाहीत. झाडांनाही काही फरक नाही.

१८ ऑक्टोबर
परीक्षक टेर्पस्ट्राबाई आल्या. अर्धा तास खुर्चीत, नजर टाकीवर. कॉफी निवली. मग पेला भरला, मोजलं, लिहिलं. मासे उत्तम, झाडांना जेमतेम पास. मी पीटचं सांगितलं.

"ते ग्रीतला ठाऊक होतं हो. मीच एकदा तिला दटावलं होतं, तक्ता बघत जा म्हणून."
"काय म्हणाली?"
"म्हणाली, तक्त्याचं काय घेऊन बसलात, माझ्याकडे नवरा आहे. तो कविता म्हणतो. त्यातल्या वल्ह्याच्या एका ठोक्याला एक बुडबुडा." टोपी घालता घालता त्यांनी विचारलं, "आता म्हणत नाही का तुम्ही?"

१९ ऑक्टोबर, रविवार
कॉफीनंतर कपाट उघडून खाली बसलो, हात चावीवर. म्हणायला लागलो. चाळीस वर्षं समजत होतो, ती ऐकतेय. ती मोजत होती. दुसऱ्या कडव्यात मी धावतो, ते बुडबुड्यांनी दाखवलं. हळू म्हटलं, चावी त्या ठोक्यावर आणली.

चार वाजता लाल पानाखालून एक मोती सुटला.