पाण्यातला हात

१२ फेब्रुवारी २००२, आखन, जर्मनी
घरमालक हेर क्लाइनश्मिट आज दाढी करून, कोट घालून स्वयंपाकघरात बसलेले. आल्झो — तर मग — एक पत्र इंग्रजीत लिहून द्यायचं! बरोबर साठ वर्षांपूर्वी इंग्लिश खाडीत ते युद्धनौकेवर तोफेत गोळे भरत होते. ब्रिटिश नौदलाची सहा विमानं चालून आली — जुनाट, कापडी पंखांची, बैलगाडीच्या चालीची. सहाच्या सहा पाडली. "बदकं मारावीत तशी," म्हणाले. एका विमानावर रंगवलेलं अक्षर त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्यावरून वैमानिकाचं नाव शोधलं, मग त्याच्या बहिणीचा पत्ता.

"तिला खरं लिही. तो पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता. हात हलवत होता. खूप वेळ. आम्हीही हलवले. हसलो."

कॉफी तोंडावर फेकावीशी वाटली. गुपचूप लिहून घेतलं.

१३ फेब्रुवारी
नाही लिहिलं तसं! बाबांचं नौदलाचं विमान समुद्रात कोसळलं तेव्हा मी सात वर्षांची. त्यांच्याच तुकडीतल्या प्रतापकाकांचं पत्र आलं होतं — 'त्यांना काही कळलंसुद्धा नाही. एका क्षणात सगळं संपलं.' त्या ओळीवर मी मोठी झाले. तीच उचलून इंग्रजीत घातली. म्हाताऱ्याने डोळे झाकून सही केली. इंग्रजी येतंय कुठे!

१४ फेब्रुवारी
पोस्टात टाकलं.

३ मार्च
पकडली गेले. त्यांनी पत्राची प्रत पाद्र्याला वाचायला दिली होती! ओरडले नाहीत. "साठ वर्षांत एकदा खरं बोललो, तेही तू पुसलंस." पाद्र्याकडून दुसरं पत्र लिहून घेतलंय. गेलंसुद्धा.

मी म्हटलं, त्या म्हातारीला हे सांगून काय मिळवलंत?

"आता मला झोप लागते."

म्हणजे तिची काढून घेऊन! हेच मी तोंडावर म्हणाले. मान हलवून म्हणतात कसे, "गेनाऊ. अगदी तसंच."

२१ मार्च
बहिणीचं उत्तर आलं. तीनच ओळी. 'तुमची दोन पत्रं मिळाली. भाऊ मला एकच होता. यातला माझा कोणता?'

मी शब्द न शब्द जर्मनमध्ये वाचून दाखवला. सावकाश. "पुन्हा वाच," म्हणाले. पुन्हा वाचला. म्हातारा पुसलेलं टेबल पुसत राहिला. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

पण मग मी खोलीत येऊन बसले, आणि तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

२२ मार्च
आईला फोन. प्रतापकाकांचा नंबर मागितला — म्हटलं, त्या ओळीबद्दल विचारायचंय. आई म्हणाली, "ते पत्र मी लिहून घेतलं होतं त्यांच्याकडून, तुझ्यासाठी. त्यांचं आधीचं पत्र कपाटात आहे. पाठवू?"