अर्धा कॅन पाणी

सोमवार, १९ जानेवारी. संध्याकाळ.

काल कारखान्यातल्या चौघींना घेऊन मामांच्या शेतात हुरडा खायला गेले होते. निघताना आम्ही कणसं भाजलेल्या आगटीवर माती लोटली. मी हात लावून पाहिलं, माती गरम होती. कारखान्यात भट्टीचं तापमान मोजणं हे माझं काम. मातीखाली गोवऱ्या तासन्‌तास धुमसतात, पाणी ओतून कालवावं लागतं, हे मला माहीत होतं. गाडीत अर्धा कॅन पाणी होतं. वाटेत प्यायला राहू दे म्हटलं.

आज दुपारी मामांचा फोन. रात्री वाऱ्यानं बांधावरचं गवत पेटलं, कडब्याची अख्खी गंजी गेली.

"तुम्ही तर माती टाकून गेल्ता, मंग तुमचं न्हाई. शेळ्या राखणाऱ्या किसनचीच बिडी. त्याला आता शिवारात बिलकुल येऊ देत न्हाई."

मी "हं" म्हणाले. नुसतं "हं". का?

घरी आल्यावर गाडीतून कॅन काढला. तेवढाच भरलेला. वाटेत कुणी प्यायलंच नव्हतं.

परत फोन लावला. "मामा, किसनकाकांना काही बोलू नका. आगटी मीच तशी सोडली."

मामा म्हणाले,

"सकाळीच हाकललं गं त्याला. चार माणसांदेखत."