परत फेकलेला चेंडू

अर्विंग, अमेरिका, ९ एप्रिल

आदरणीय बाबा,

सप्रेम जय भीम. डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर वाकडं आहे. उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत. आईला फक्त पडलो म्हणून सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

उपासनाला बेसबॉल बघायला नेलं होतं. इथल्या संघाचा नव्या स्टेडियममधला पहिलाच सामना होता. एक चेंडू थेट आमच्याकडे आला. मी झेलला आणि लहानपणी तुम्ही शिकवलंत तसा लगेच मैदानात परत फेकला. इथे तो झेलणाऱ्याने घरी न्यायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"मूर्खा, माझ्या पोरीला द्यायचास!" मागचा माणूस ओरडला. त्याने माझं डोकं कठड्यावर तीनदा आपटलं, मग बुटाने हात चिरडला. रक्त उपासनाच्या फ्रॉकवर उडालं.

पोलिसांनी तक्रारीचं विचारलं. व्हिसा रद्द होईल या भीतीने मी नको म्हणालो.

घरी येताना उपासनाने विचारलं, "पप्पा, मारलं त्याने, मग घाबरलास तू का?"

आज तिला सोबत नेऊन तक्रार दिली. सही वाकडी आली, पण नाव पूर्ण लिहिलं.

तुमचा,
धम्मदीप ईश्वर मेश्राम