बाईंनी काढलेल्या बांगड्या

बाई, काल नातीची मॅच बघायला गेले होते. कबड्डीची. हो, आमच्या घरातली पोरगी कबड्डी खेळते आणि तिला कोणी अडवत नाही, उलट तिचा बाप स्वतः रिक्षा करून सोडायला जातो. तुम्ही असतात तर मैदान बघून हसला असतात. माती नाहीच. खाली रबरी मॅट, पायात बूट, गुडघ्यांना मऊ टोप्या, कोपरांना तसल्याच. खेळ सुरू व्हायच्या आधी त्यांच्या सरांनी पोरींना ओळीत उभं केलं, नखं बघितली, केसांतल्या पिना काढायला लावल्या, आणि नात धावत माझ्याकडे आली. "आजी, धर गं," म्हणाली आणि कानातलं आणि हातातलं कडं माझ्या ओंजळीत टाकून पळाली. एवढंच. कोणाला काही वाटलं नाही. शेजारची बाई शेंगदाणे खात होती, ती खातच राहिली. मी मात्र ते कडं इतकं घट्ट धरून बसले की तळव्यावर वळ उठला. नात जिंकली की हरली हे मला नंतर तिलाच विचारावं लागलं.

तुमचं मैदान शाळेच्या मागे होतं. भराव खाडीकडच्या मातीचा, त्यामुळे कितीही साफ केलं तरी कालवांच्या शिंपल्यांचे तुकडे वर यायचेच. खेळायला म्हणून यायचं आणि आधी उकिडवं बसून शिंपल्या वेचायच्या. आम्ही कुरकुरायचो. "बाई, आम्ही खेळायला आलोय की तांदूळ निवडायला?" तुम्ही म्हणायचात, "तळपाय तुमचे आहेत, माझे नाहीत. नका वेचू." मग वेचायचोच. त्यानंतर तुमचा तो बिस्किटांचा डबा यायचा. बांगड्या, डूल, आकडे, गळ्यातल्या माळा, सगळं त्यात. नेलकटर दोरीला बांधलेलं. जुन्या गोधडीच्या तुकड्यांचे तुम्ही गुडघ्यांसाठी जाड पट्टे शिवले होते, मागे नाडी. एकीने एकदा तोंड वाकडं केलं, "बाई, हे घालून म्हशीसारखं वाटतं." तुम्ही म्हणालात, "म्हशीचे गुडघे बघ कसे मजबूत असतात." पण डब्याच्या बाबतीत चेष्टा चालत नसे. ट्रेनिंगला असताना तुम्ही एका मुलीचा कान डुलाने फाटलेला बघितला होता. "कान फाटला तर शिवता येतो," असं तुम्ही एकदा म्हणालात, "डोळ्यात काच गेली तर काय शिवणार?" आमच्या आयांना ते आवडायचं नाही, पोरींचे हात उघडे बरे दिसत नाहीत म्हणायच्या, पण तुमच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती.

मागून मात्र बोलायच्या. तुमचं कपाळ मोकळं, हात मोकळे, डाव्या मनगटावर एक पुरुषी घड्याळ. यजमानांचं होतं म्हणे. आमच्या आळीतल्या बायका तुमच्याकडे पोरी पाठवायच्या, पण हळदीकुंकवाला तुम्हाला बोलवायच्या नाहीत. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटत नव्हतं. खोटं कशाला बोलू, सगळ्यांचं असंच असतं असं वाटायचं.

मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते, तरी संध्याकाळी तुमच्या संघात खेळायला यायचे. ऐंशी साल अजून उजाडायचं होतं. मग माझं लग्न ठरलं. मुलगा आमच्यातलाच, सरकारी नोकरीत, राजोडीच्या वाटेवर त्यांची नारळी-केळीची वाडी. आमचं म्हणजे खाडीकाठचं भात आणि चार कोंबड्या. आईला आभाळ ठेंगणं झालं होतं. साखरपुड्याला सासूबाईंनी कासार बरोबर आणला आणि माझे दोन्ही हात हिरव्यागार बांगड्यांनी भरले, अगदी घट्ट बसणाऱ्या. आई मला माजघरात नेऊन म्हणाली, "पोरी, ह्या निघतील तं चुडा भरायलाच निघतील. मधी एक जरी वाढवलीस ना, तं माझ्यासारखी वाईट कोन नाय." फुटली हा शब्दसुद्धा आमच्याकडे चालत नसे.

आणि मग तालुक्याची फायनल आली, माणिकपूरला. तुम्ही मला आधीच सांगितलं होतं, बांगड्या निघत नसतील तर बाहेर बसायचं. मी रुसून तुमच्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी तरी मी आलेच, आपल्या संघाची पाण्याची कळशी घेऊन. मैदानाच्या कडेला नळ होता, तिथे मी तुम्हाला गाठलं. मला अजून तो नळ दिसतो, खाली शेवाळ, बाजूला कपडे धुवायच्या साबणाची वडी. मी म्हणतेय, "बाई, काढा ना. परत घालू ना संध्याकाळी." तुम्ही म्हणताय, नाही. मी रडतेय. लग्नानंतर मला कोण खेळू देणार आहे, हा शेवटचाच खेळ, असं काहीबाही बोलतेय, आणि ते खरंच होतं. तुम्ही म्हणालात, "मग तुझी तू काढ. माझा हात नको लागायला त्यांना." मी ओढून बघितलं, एक मैत्रीण ओढून दमली, हात लाल झाले, बांगड्या हलेनात. तेव्हा तुम्ही विचारलंत, "घरी काय सांगशील?" मी म्हटलं, "मीच काढल्या म्हणेन. तुमचं नावसुद्धा घेणार नाही. आईशप्पथ." बाई, हे मी बोलले. आईच्या नावानं बोलले.

तुम्ही घड्याळ काढून पदराला बांधलंत. माझा हात साबणानं माखलात, अंगठा आत दुमडून धरलात, आणि एकेक करून सगळ्या उतरवल्यात. एकही वाढली नाही. तुमच्या हातांचा तो सराव कुठला होता ते मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं. स्वतःच्या बांगड्या तुम्ही फोडू दिल्या नसतील कोणाला, अशाच साबणाने उतरवल्या असतील. सगळ्या तुम्ही रुमालात बांधल्यात आणि म्हणालात, "जा. गुडघे सांभाळ."

काय खेळले मी त्या दिवशी! हात हलके झाले होते, पाय जमिनीला लागत नव्हते. शेवटच्या चढाईत दोघींना शिवून परत आले आणि आपण जिंकलो. पोरींनी मला उचललं, मी दोन्ही हात वर केले, उघडेबोडके हात, सगळ्या माणिकपूरला दिसतील असे. त्या गर्दीत माझ्या होणाऱ्या सासूची बहीण होती. बाजाराला आली होती. पुढचं आणखी वाईट. नळावर परत आलो तर पकडींनी माझे हात असे सुजले होते की बांगड्या अंगठ्यापुढे सरकेनात. तुम्ही साबण लावलात, पाणी सोडलंत, मैदानाबाहेरच्या दुकानातून खोबरेल मागवलंत. हात सुजतील हे आपल्या कोणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. शेवटी मी तो रुमाल घेऊन घरी गेले.

माझ्याआधी बातमी घरी पोचली होती. ओटीवर सासूबाई, त्यांची बहीण, आई भिंतीला टेकून. माझ्या हातातला रुमाल बघून आईनं तोंडाला पदर लावला. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "कोनी काढल्या?" मला उत्तर ठाऊक होतं. मीच. एक शब्द. पण मला आईचं तोंड दिसत होतं, वाडी दिसत होती, मोडलेलं लग्न दिसत होतं. मी म्हटलं, "बाईंनी."

खोटंही नव्हतं, म्हणून तर ते इतकं सहज निघालं. सासूबाई ताडकन उठल्या. "त्या पांढऱ्या कपाळाच्या बाईनं? माझ्या लेकाच्या जिवावर उठली काय ती?" आईला तर सुटल्यासारखंच झालं. दोष कुणाचा ते ठरलं होतं, आणि तो आमच्या घराबाहेरचा होता. दुसऱ्या दिवशी सगळ्या मिळून शाळेत. पटांगणात, मुलांसमोर, नको नको ते बोलल्या तुम्हाला. मी आईच्या मागे उभी होते. तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं आता सांगतील, आता सांगतील. तुम्ही म्हणालात, "हो. मी काढल्या. चुकलं माझं." आणि वर्गावर निघून गेलात.

माझं लग्न वाचलं. कासार पुन्हा आला. तुमच्या डब्याचं काय झालं ते मला नंतर कळलं. हेडमास्तरांनी तुम्हाला ताकीद दिली, यापुढे कुठल्याही मुलीच्या बांगडीला हात लावायचा नाही, पाहिजे तर वरून रुमाल बांधा. तुम्ही वाद घातलात म्हणे. पण त्या पटांगणानंतर तुमचं ऐकणार कोण होतं? पोरी बांगड्यांवर रुमाल गुंडाळून खेळायला लागल्या.

पुढच्या वर्षी, मला दिवस गेले होते आणि मी माहेरी आले होते, तेव्हा आमच्या शेजारची पोर खेळताना पडली. माझ्याहून लहान, माझ्याच जागी तुम्ही तिला चढाईला तयार केलं होतं. पकडीत कोणाची तरी टाच तिच्या मनगटावर बसली. वर रुमाल होता म्हणून काच बाहेर उडाली नाही, आत गेली. तुम्ही तिला उचलून टेम्पोत घातलंत, मनगट दाबून धरलंत, तुमचं लुगडं कोपरापर्यंत रक्तानं भरलं होतं असं सांगणारे सांगतात. हात वाचला. दोन बोटं कायमची वाकडी राहिली. त्याच्या पुढच्या जूनला तुमची बदली झाली आणि मुलींचा संघ बंद पडला.

ती अजून आमच्या माहेरच्या आळीत आहे. लग्नकार्यात भेटते. गजरे करायला बसलो की ती फुलं निवडून देते, ओवायला तिला जमत नाही. एकदा कोणीतरी बोटांचं विचारलं तर म्हणाली, "आमच्या बाईंनी रुमाल नीट बांधला नव्हता ना." अगदी सहज म्हणाली, राग नाही काही नाही. मी समोर होते. सुईत दोरा ओवत राहिले. बाई, जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर त्या दिवसापासून टाळंच लागलं आहे.

तुम्ही मला एकदा विरारच्या बाजारात भेटलात. तुम्ही बारीक झाला होतात, केस पिकले होते, घड्याळ तेच. मी मुलाला कडेवर घेऊन भाजीवाल्याच्या मागे लपायला बघत होते, पण तुम्ही हाक मारलीत. मला वाटलं, आता. तुम्ही विचारलंत, "गुडघा कसा आहे गं? पावसाळ्यात दुखतो का?" मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, "दुखला तर शेक दे, दुर्लक्ष करू नकोस." मुलाच्या हातावर एक केळं ठेवलंत आणि गेलात. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. भर बाजारात पाय धरायला हवे होते. वर्षा-दोन वर्षांत तुम्ही गेल्याचं कळलं. आमच्या ह्यांनी पेपर वाचता वाचता सांगितलं, "तुझी ती बांगड्यावाली बाई वारली." मी भात वाढत होते, वाढत राहिले. दिवसांनासुद्धा गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते?

आमच्या घरात ती गोष्ट गंमत म्हणून सांगतात, आजीचं लग्न मोडता मोडता कसं वाचलं म्हणून. हे सांगतात, मुलं हसतात. मी पण हसते. इतकी वर्षं हसतेय.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही. तुमच्या माणसांचा पत्ता मी कधी विचारला नाही. साड्यांच्या कपाटात राहील, आणि माझ्यामागे रद्दीत जाईल. लिहायला बसले ती माफी मागायला असं वाटलं होतं, पण तसंही नाही. कालचं सांगायचं होतं. मॅच संपल्यावर रिक्षात नातीनं कडं परत हातात घातलं आणि म्हणाली, "आजी, आबा सांगतात ती गोष्ट खरी आहे? तुझ्या बांगड्या खरंच कोणी काढल्या होत्या?" आम्ही दोघीच होतो. सासूबाई जाऊन जमाना झाला, आई गेली, माझं लग्न आता कोणाच्या बापाला मोडता येत नाही. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तरीही मी तेच म्हटलं, "आमच्या बाईंनी."