ढेकर आणि माझा ऐकू न येणारा श्वास

४ मार्च
आजपासून ढेकर बंद. म्हणजे बंदच. झोपेच्या ॲपचं काम आहे, माझ्या आवाजाने लोकांना झोपवायचंय. शेवटच्या निवडीत दोघंच उरलोय: मी आणि भाता. भाता हे नाव मीच ठेवलं. दर वाक्याआधी असा श्वास ओढतो की हेडफोनमध्ये वारा सुटतो. माझा श्वास माईकला आजवर ऐकू गेलेला नाही. तोंड मिटायचं, हवा गपकन गिळायची, वाक्य सुरू. एवढ्या वर्षांची कमाई आहे ही. काम मिळालं तर नाव होईल. नाही मिळालं तर आहेच, लिफ्टमधले मजले पुकारत बसायचं.
ढेकरांचं कारण सापडलंय: काकडी.

५ मार्च
काकडी सोडली. 'डोळे हलकेच मिटा' म्हणालो आणि 'मिटा'वरच ढेकर. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, सर, याने झोपलेला माणूस उठून बसेल. आगाऊ आहे. सुधारित कारण: कांदा.

७ मार्च, दुपार
कांदा, टोमॅटो, डाळ, दूध, सगळं बंद. बायको म्हणाली, मग खाणार काय, माझं डोकं? तूर्त च्युइंगम. दिवसभर चघळतोय, पोटाला काहीतरी काम हवं. वर सोडा पितोय, म्हणजे आतली हवा एकदाची निघून जाईल. निघतेय. संपत नाही. एवढी हवा येते कुठून?

१० मार्च
वैताग आलाय. बायको म्हणते, सुट्टीच्या दिवशी तुम्ही वाचत नाही, तेव्हा ढेकरही देत नाही. म्हटलं, योगायोग. तिला शास्त्रीय दृष्टी नाही.

११ मार्च
डॉक्टरांकडे गेलो. वजन उतरलंय का, गिळताना अडकतं का, छातीत जळजळ? नाही, नाही, नाही. मग म्हणाले, कामावर काय करता ते करून दाखवा. अख्खा परिच्छेद म्हटला, अगदी मनापासून. गृहस्थ माझ्या गळ्याकडेच बघत होते. म्हणाले, अहो, तुम्ही दर वाक्याला हवा गिळताय, ती परत वर येणारच. च्युइंगम आणि सोडा थांबवा, सावकाश जेवा आणि चारचौघांसारखा श्वास घ्या. तरी थांबलं नाही तर पुन्हा या.
चारचौघांसारखा! चारचौघांसारखा श्वास घ्यायला मी काय भाता आहे? पोटाच्या डॉक्टरला आवाजातलं काय कळणार?
जिना उतरताना खरं कारण सुचलं: स्टुडिओतली खुर्ची. पोट दुमडतं.

१२ मार्च
उभ्याने वाचलं. ढेकर आता उभ्याने येतात, आणि जास्त मोकळे. रेकॉर्डिस्टने कपाळावर हात मारला, पण एकेक ढेकर कापून नमुना तयार केला. घरी आणून ऐकला. ना ढेकर, ना श्वास. मीच मला ऐकून थक्क झालो. बायकोने हेडफोन काढला आणि विचारलं, हा माणूस जिवंत आहे ना?
मत्सर नवरा-बायकोतही असतो. नमुना पाठवला. भात्याची कीव येते.

१५ मार्च
क्लायंट बाईंचा फोन. भात्याला घेतलं.
कारण विचारलं. म्हणाल्या, त्यांचा श्वास ऐकू येतो ना, ऐकता ऐकता आपलाही संथ होत जातो आणि छान झोप लागते. तुमच्या नमुन्यातही आम्ही श्वास खूप शोधला हो, सापडलाच नाही.
'बरं' म्हणायला गेलो आणि ढेकर आला. बाई म्हणाल्या, काय म्हणालात?
फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. बायकोने दार वाजवलं नाही. नुसती बाहेर उभी राहिली. नळ बंद केल्यावर तिचा श्वास ऐकू आला. बराच वेळ ऐकत बसलो.

१६ मार्च, संध्याकाळ
दिवसभर कोणाशी बोललो नाही, काही वाचलं नाही. एकही ढेकर नाही. सकाळी बायकोने कोमट पाणी दिलं होतं. म्हणजे औषध सापडलं. चार दिवस आधी सापडलं असतं तर काम माझंच होतं.