सिगारेट सोडल्यापासून

३ मार्च
आज सांडवोगच्या या घरात राहायला आले. इथले सगळेच मनाच्या दुखण्यातून सावरलेले. खोलीतून फियॉर्ड दिसतो, डोंगरांत लांबवर घुसलेला समुद्र. तोरुन इथली परिचारिका. तिने वाफल्स केले होते, वर तपकिरी चीज. क्लोझापिनच्या गोळ्या सुरू झाल्यापासून कानातले आवाज बंद आहेत, कित्येक वर्षं, हे मी तिला अभिमानाने सांगितलं. इथे सिगारेट चालत नाही. म्हटलं, बरंच झालं. रोज पाकीट संपवणारी मी, दारातच शेवटची विझवली.

९ मार्च
सिगारेट नाही. तोरुनने जेवताना सगळ्यांसमोर कौतुक केलं. झोप मात्र आवरत नाही. सकाळी उशी लाळेने भिजलेली.

१४ मार्च
हातातून कप उडाला. निसटला नाही, उडाला. हाताला झटकाच तसा बसला. जीभ जड झालीय. तोरुन म्हणाली, नवी जागा आहे, ताण येतोच.

१७ मार्च
ऑशिल्डताईला फोन केला. तिचं औषधांचं दुकान आहे. माझं बोबडं बोलणं ऐकून तिने आधी सिगारेटचंच विचारलं. म्हणाली, सिगारेटच्या धुरामुळे शरीर क्लोझापिन भराभर संपवतं. धूर थांबला की त्याच गोळ्या रक्तात साठत जातात. स्वतःहून बंद करू नकोस म्हणाली, पण डॉक्टरांनी रक्त तपासून डोस कमी करायलाच हवा. सिगारेट सोडताना डोसचं कुणी विचारलंसुद्धा नाही म्हणून ती भडकली. मीही.

ताईचं म्हणणं मी तोरुनला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुनवोर, गोळ्यांतून विष मिळतंय असं कधीपासून वाटतंय तुला?"

१८ मार्च
डॉक्टरांनी मला न बघता फोनवर ठरवलं, आजार उलटलाय. रक्त तपासायचं ते पुढच्या आठवड्यात. डोस वाढवला. कमी नाही, वाढवला. मी टेबलावर मूठ आपटली. तेही लक्षण धरलं.

१९ मार्च
नाही घेतल्या तर इस्पितळ, जबरदस्तीने. गोळी गिळली का म्हणून तोरुन जीभ उचलायला लावते, खाली बघते. तिला शिव्या द्यायच्या होत्या – तोंडातून नुसती लाळ –

२० मार्च
ताई बोटीने निघालीय. आवाज नाहीत. एकही नाही. डोकं शाबूत आहे म्हटलं – तोरुनने हात थोपटला, कीव केल्यासारखा. दुसऱ्या हातात गोळ्या.

गिळल्या. उभं राहवत नाही – सगळं अंग झटके –

ताई, हे मी शुद्धीवर लिहितेय. भ्रम म्हणतील. तू ऐकू नकोस त्यां